तव्यावरची भाकरी

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात ‘लागलेच’ हा शब्द दोनदा येतो. येशूने बोलावलं, तेव्हा पेत्र-अंद्रिया या कोळी भावांनी लागलेच जाळी सोडली. याकोब-योहानाने लागलेच तारू सोडलं, आणि बापालाही. त्या बापाचं, जब्दीचं, काय झालं असेल, हे मला अजून सतावतं.

गेल्या वर्षी एका ओळखीच्या बाईंना भेटून ये, असं प्रार्थनेत स्पष्ट वाटलं होतं. मी म्हटलं, रविवारी उपासनेनंतर जाईन. रविवारी गेले ती मातीलाच.

परवा संध्याकाळी भाकऱ्या थापत होते. पुन्हा तसंच आतून आलं: मागच्या गल्लीतल्या आजींकडे जा. परातीत दोन भाकऱ्यांचं पीठ उरलेलं, तव्यावरची एका बाजूने कच्ची. गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि निघाले.

वाटेत पंडिता रमाबाई आठवल्या. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि पुढे केडगावचं मुक्ती मिशन त्याच लेकरांनी भरलं. मला तर फक्त एक गल्ली ओलांडायची होती.

आजी अंधारात बसलेल्या. बल्ब गेलेला, मांडीवर पवित्र शास्त्र उघडं.

“आलीस बाई? तेविसावं स्तोत्र वाच. दुपारपासून कुणाची तरी वाट बघतेय.”

मोबाईलच्या उजेडात वाचलं. माझ्या बोटांना पीठ तसंच होतं.