हॅडन हॉल आणि आमचे अण्णा

मी टूर मॅनेजर आहे, यूकेचे ग्रुप करते. त्या दिवशी सकाळी चॅट्सवर्थ हा ड्यूकचा महाल बघून झालं होतं, त्यामुळे सोन्याचा मुलामा दिलेल्या खिडक्या आणि भलीमोठी दालनं बघून मंडळी एकदम खूश, आणि दुपारी बेकवेल गावाजवळच्या हॅडन हॉल या जुन्या वाड्यात शिरल्या शिरल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, इथे तर काहीच नाहीये!" झालं. म्हटलं आता चहा कधी हेच ऐकायचं.

पण काकू म्हणत होत्या ते खरंच होतं हो. घराचे सगळ्यात जुने भाग 12व्या शतकातले, जेवणाचा मोठा हॉल 1370च्या आसपासचा. 1703 मध्ये मालक मॅनर्स घराण्याला ड्यूकपद मिळालं, राहायचं तर त्यांच्या दुसऱ्या घरी, बीव्हर कॅसलला, मग हे घर जवळजवळ 200 वर्षं नुसतं पडून. फॅशन बदलत गेली, बाकीच्या श्रीमंतांनी आपापली घरं पाडून नवी बांधली, इथे कोणी पैसाच घातला नाही म्हणून सगळं वाचलं! पुढे 20व्या शतकात नवव्या ड्यूकने जपून दुरुस्ती केली, चॅपेलमधला, म्हणजे घरातल्या छोट्या चर्चमधला, भिंतींवरचा चुना काढला तर खाली 15व्या शतकातली चित्रं निघाली.

हे सगळं मी सांगतेय आणि मोजलं तर एक माणूस कमी. अण्णा गायब. पंचाहत्तरीचे, आयुष्यभर सुतारकाम केलेले. सापडले स्वयंपाकघरात, लाकडी पार्टिशनवर मोबाईलचा टॉर्च मारत, नाक अगदी लाकडाला लागलेलं. लाकडावर काळे डाग, थेंबाच्या आकाराचे, वर निमुळते. तिथल्या बाई म्हणाल्या, मेणवत्त्यांनी जळलेलं आहे ते. आणि शेजारी खाटकाचा ठोकळा, वापरून वापरून मधे पार खोलगट झालेला.

अण्णा मला म्हणाले, "पोरी, हे काम माझ्याकडे आलं असतं ना, तर रंधा मारून, पॉलिश करून एका दिवसात चकाचक करून दिलं असतं. गिऱ्हाईक खूश, मीपण खूश." मी बाईंना इंग्रजीत सांगितलं तर त्या इतक्या हसल्या!

बाकीचा ग्रुप बाहेर डोरोथी व्हर्ननच्या, म्हणजे या घरातल्या 16व्या शतकातल्या मुलीच्या नावाच्या पायऱ्यांवर फोटो काढत होता, इथूनच ती प्रियकराबरोबर पळाली म्हणे. पायऱ्या बहुतेक तिच्यानंतरच्या आहेत हे मी सांगून बघितलं, कोण ऐकतंय.

अण्णांपायी बेकवेलचं पुडिंग हुकलं, ड्रायव्हरचे तास संपत आले होते. काकूंनी फीडबॅकला दोनच स्टार दिलेत.