तुम्ही विचारलंत म्हणून : बठ्ठं ऐकू येस का?

दुकानात खताची पावती होईपर्यंत, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसल्यावर, कुठेही माणसांची नजर आधी माझ्या कानामागे जाते, मग केसांत चिकटलेल्या गोल चकतीवर, आणि मग प्रश्न येतो. शहरातले विचारतात, ‘‘आता सगळं ऐकू येतं ना?’’ गावाकडचे विचारतात, ‘‘आते तुले बठ्ठं ऐकू येस ना?’’ मी मान हलवते, कारण मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. खरं उत्तर मान हलवण्यात मावत नाही, म्हणून माझ्या कॉक्लियर इम्प्लांटबद्दल, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवलेल्या ऐकण्याच्या यंत्राबद्दल, आज सवडीने लिहिते.

अमळनेरला आमचं कृषी केंद्र आहे. मी आणि माझे मिस्टर दोघं बघतो. 2013 साली मला एमडीआर टीबी झाला, म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा क्षय. त्यावर तेव्हा कॅनामायसिनची इंजेक्शनं देत. आठवड्यातले सहा दिवस, असे कितीतरी महिने. मी वाचले ती त्याच उपचारांनी, हे आधी सांगते. पण हे औषध कानाच्या आतल्या शंखातल्या केसपेशी मारतं, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. ‘कानात शिट्टी वाजते’ असं मी सांगितलं, तर ‘अशक्तपणा आहे, दूध घेत जा’ म्हणून मला वाटेला लावलं. ऐकण्याची तपासणी कोणी लिहून दिली नाही. पुढे 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजारात कॅनामायसिन वापरू नये असं सांगितलं. तोवर मी चार वर्षं बहिरी होते.

बहिरेपण एकदम आलं नाही. आधी बारीक आवाज गेले. चिमण्या, कुकरची शिट्टी, आणि मग ‘स’. हा ‘स’ जाणं काय असतं ते अहिराणी बोलणाऱ्यालाच कळेल. आमच्याकडे ‘येतो’ला येस, ‘जाते’ला जास, ‘करतो’ला करस म्हणतात. अर्धी भाषा ‘स’वर टेकलेली. माय म्हणायची, ‘‘तुना भाऊ येस.’’ मला ऐकू यायचं, ‘तुना भाऊ ये’. येतो आहे की ये म्हणते आहे, काही कळेना. आमच्या घरात सगळे एकमेकांना हुकूम सोडताहेत असं मला वर्षभर वाटत होतं. मग हळूहळू जाडे आवाजही गेले आणि तो प्रश्नच मिटला.

कानाची मशीनं दोन बदलली. ती आवाज मोठा करतात. पण ऐकणाऱ्या पेशीच राहिल्या नसतील तर? विहीर आटल्यावर मोटार पाच एचपीची बसवली काय आणि दहाची काय.

शेवटी जानेवारी 2019 मध्ये पुण्याला कॉक्लियर इम्प्लांट झालं. केंद्र सरकारची एडिप योजना यासाठी मदत करते, पण ती लहान वयाच्या मुलांसाठी आहे. चाळिशीच्या उंबऱ्यावरच्या बाईने आपलं आपण बघायचं. आम्ही बघितलं. रक्कम सांगत नाही, सासूबाई हे वाचणार आहेत.

ते चालतं कसं, हेही लोक विचारतात. आम्ही ठिबकचं सामान विकतो, त्यामुळे मला ते समजावणं सोपं जातं. कानामागचा प्रोसेसर आवाज पकडतो, त्याचे भाग पाडतो, आणि चुंबकाने चिकटलेल्या चकतीतून कातडीखालच्या यंत्राकडे पाठवतो. तिथून एक बारीक नळी शंखाच्या वळशात शिरलेली असते. तिच्यावर ओळीने इलेक्ट्रोड, माझ्या यंत्रात बावीस. ठिबकच्या नळीवर ड्रीपर असतात ना, तसे. ते पाण्याऐवजी विजेचे थेंब थेट नसेला देतात. शंखाच्या तोंडाशी बारीक आवाजांची जागा, आत शेवटाला जाड्या आवाजांची. चांगल्या कानात या कामाला सुमारे साडेतीन हजार पेशी असतात. माझ्याकडे बावीस ड्रीपर.

ग्रॅम क्लार्क नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने 1978 मध्ये आपलं असं अनेक इलेक्ट्रोडचं यंत्र माणसाच्या कानात बसवलं. शंखाच्या वळणात नळी सरकवायची कशी हे कोडं त्यांना समुद्रकिनाऱ्यावर सुटलं, समुद्री शंखात गवताची काडी सारून बघताना. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडते. त्यांच्या वडिलांचं औषधाचं दुकान होतं आणि त्यांना कमी ऐकू यायचं. गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला ‘काय म्हणालात?’ तिसऱ्यांदा विचारणं काय असतं, ते मला कोणी सांगायला नको.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी बटण दाबलं आणि विचारलं (ओठांवरून कळलं), ‘‘येतंय का ऐकू?’’ माझ्या तोंडून घाबरून अहिराणी निघालं, ‘‘येस!’’ त्यांना वाटलं बाई इंग्रजीवाल्या आहेत. पुढची दहा मिनिटं त्या माझ्याशी इंग्रजीत बोलत होत्या आणि मला वाटत होतं, यंत्र बिघडलं.

तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेल, बटण दाबतात आणि माणूस रडायला लागतो. मीही रडले, पण निराशेने. मिस्टरांचा आवाज जत्रेतल्या पिपाणीतून आल्यासारखा होता. मॅडमचा तसाच, दार लावल्याचाही तसाच. आणि सगळ्यात पुढे ‘स’! सहा वर्षं रुसलेला ‘स’ आता घरभर नाचत होता. साडीची सळसळ, बियाण्याचं पाकीट, फोडणी, झाडू. पावती फाडली की दचकायचे. पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाऊन दर काही आठवड्यांनी मॅपिंग करून घ्यायचं, म्हणजे कुठल्या ड्रीपरला किती सोडायचं ते ठरवायचं.

पण ते झालं यंत्राचं. समजणं मेंदूचं, आणि मेंदू सरावाशिवाय शिकत नाही. रोज सकाळी सहा आवाजांची परीक्षा: आ, ई, ऊ, म, श, स. मिस्टर पाठीमागे उभे राहून म्हणणार, मी ओळखणार. मग शब्दांच्या याद्या. त्या याद्या पुण्याच्या मराठीत होत्या. ‘छत्री’, ‘खिडकी’, ‘तो बाजारात जातो’. मी नापास होत होते. वैतागून मिस्टरांनी याद्या ठेवून दिल्या आणि तोंडासमोर पेपर धरून कापसाचे भाव वाचायला लागले. ते मला येऊ लागले, कारण भाव कुठून कुठपर्यंत असणार हे मला आधीच ठाऊक होतं.

तिसऱ्या महिन्यात माहेरी गेले. मी ओट्यावर पाठमोरी, आणि मागून माय म्हणाली, ‘‘काय करी राहिनी वं?’’ मी न वळता सांगितलं, ‘‘भाकरी.’’ मग दोघीही गप्प. आवाज अजून पिपाणीचाच होता. पण हे वाक्य मी जन्मापासून दिवसातून दहा वेळा ऐकलेलं, त्यामुळे बावीस थेंब पुरे झाले, बाकीचं शेत आठवणीने भिजलं. काही दिवसांनी त्या पिपाणीतूनच मायचा आवाज निघायला लागला. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही.

म्हणूनच मागे चोपड्याकडचे एक काका आले आणि तिशीतल्या, जन्मापासून बहिऱ्या भावाला ‘हे बसवून टाकू का’ म्हणाले, तेव्हा मी पटकन हो म्हटलं नाही. मी तेहेतीस वर्षं ऐकलेलं होतं, मेंदूत माल भरलेला होता. ज्याने बोलणं कधी ऐकलंच नाही, त्याला मोठेपणी बसवलं तर आवाज येतील, पण त्यातून बोलणं कळेलच असं नसतं. त्यांचा भाऊ खुणांच्या भाषेत झकास बोलतो, चेष्टा करतो. त्याला स्वतःला काय हवंय ते विचारा, असं मी म्हटलं. काकांना ते आवडलं नाही.

आता जे जमत नाही ते. पहिला शत्रू कूलर. मार्चपासून जूनपर्यंत खान्देशात कूलरशिवाय माणूस राहत नाही आणि कूलरसमोर माझं यंत्र माणसाचं बोलणं वेगळं काढू शकत नाही. घामाने यंत्र बिघडतं म्हणून रात्री ते सुकवणीच्या डबीत जातं. यंत्र एकाच कानाला, त्यामुळे हाक कुठल्या बाजूने आली ते कळत नाही. मी गोल फिरते. गावात डोक्यावर पदर घेतला की तो माइकवर घासून खरखर होते. आता सासरच्या वडीलधाऱ्यांनीच ‘राहू दे’ म्हटलंय. इतक्या लाखांत निदान हे एक सुटलं. ‘सात’ आणि ‘साठ’ मला आजही फसवतात. एकाला सात गोण्यांऐवजी साठ लिहिल्या, तेव्हापासून गिऱ्हाइकाला बोटं दाखवायला लावते.

गाणं गेलं ते गेलंच. श्रावणात आमची खान्देशची देवी कानबाई बसते तेव्हा ताल नीट कळतो, चाल नाही. सगळ्या बाया एकाच सुरात कण्हताहेत असं वाटतं. मी आठवणीतली चाल धरून टाळ्या वाजवते. जाऊ म्हणते, ‘‘कानबाई तर तूच वं!’’ हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते, बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांचा जाळ, लाकडी बडगीत ठेचण्याचा ठोका, वीस जण एकदम बोलणारे. तासाभराने मी चकती काढून खिशात टाकते आणि शांततेत भरीत खाते. लोकांना वाईट वाटतं. मला छान वाटतं.

फोन सगळ्यात अवघड, आणि माय फोनच करते. तिला वाटतं, मोठ्याने बोललं की पोचतं. मोठ्याने बोललं की आवाज फाटतो. परवा दुपारी ती तीनदा तेच ओरडली. मी उठून आमचा कूलर बंद केला, तिला म्हटलं, तिकडचाही कर. थोड्या वेळाने पलीकडची घरघर थांबली. ‘‘बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळी ग्यात,’’ ती हळू म्हणाली, ‘‘धाडू का?’’