गाडीचा रेडिएटर बदलला एकदाचा!

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, रोज थोडं कमी व्हायचं. वाडीच्या गॅरेजवाल्या भाऊने रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप लावून दाब दिला आणि गळतीची जागा लगेच सापडली. प्लास्टिकची टाकी अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीवर दाबून बसवतात ना, तिथं हिरवट पापडी धरली होती आणि खालून थेंब येत होता. "एम-सील लावून देतो जी, पण मे महिना हाय, टिकणार नाही." जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर डाख देऊन चालायचे. प्लास्टिकला डाख कुठून देणार?

म्हणून ओरिजिनल पार्टसाठी सर्व्हिस सेंटर गाठलं. ॲडव्हान्स भरला. "परवा येतो सर." तो परवा पुढेच सरकत राहिला. फोन केला की एकच उत्तर, "ट्रान्झिटमध्ये आहे." शेवटी आला, तर डिझेल मॉडेलचा! माझी गाडी पेट्रोल. फॅनचे ब्रॅकेट जुळेनात. तोवर यांनी जुना उतरवून ठेवलेला, गाडी लिफ्टवर लटकलेली. आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर त्यांच्याच जॉब कार्डवर ठळक छापलेला होता. तरी ॲडव्हायजर म्हणतो, "सिस्टीममध्ये हाच दाखवतो." अहो, सिस्टीमला काय, ४५ डिग्रीत ऑटोने ऑफिस मलाच गाठायचं होतं! नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भट्टीसारखे नऊ दिवस, सुरू झाला तरी गाडी तिथंच.

तेव्हा नवा पार्ट जुन्याशी ताडून, पाइपांची तोंडं आणि फॅनची भोकं जुळल्याशिवाय गाडीला पाना लावू देऊ नका.

बरोबरचा पार्ट आल्यावर काम अर्ध्या दिवसात झालं. झाकणही नवंच घ्या. ते दाब धरतं म्हणून आतलं पाणी शंभरावर उकळत नाही. झाकणाने एक 'बार' (दाबाचं माप) दाब धरला तर पाणी १२० अंशांपर्यंत तग धरतं. गरम इंजिनवर झाकण उघडलं की सगळं उसळून अंगावर येतं. कूलंटमध्ये नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटरच. भरल्यावर हीटर फुल ठेवून आत अडकलेली हवा काढायला लावा. मे महिन्यात नागपुरात हीटर, लोक हसतील, हसू द्या. आणि हो, जुनं कूलंट रस्त्यावर ओतू देऊ नका. चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

बिलात लेबर दोनदा लावलं होतं. मॅनेजरच्या केबिनबाहेर ठाण मांडून बसलो, तेव्हा एकदाचं काढलं. जुना रेडिएटरही मागून घेतला. भंगारात फार काही आलं नाही, पण त्यांना फुकट कशाला सोडायचा?