दहा टक्के म्हणजे किती?

सुट्टीला मुलुंडला आले की तासाभरात तो विषय निघतोच. या वेळी मामाने काढला. "काय गं, तुमच्याकडे ती गाड्या उडवणारी वादळं येतात ना? मग कळतं का आधी?"

कळतं. पण ज्या तऱ्हेने कळतं ते समजावताना पोह्यांची बशी गार झाली, म्हणून आता लिहूनच टाकते.

आमचं गाव अमेरिकेतल्या ओक्लाहोमात, नॉर्मन शहराच्या दक्षिणेला. एक मुख्य रस्ता, एक शाळा, दोन पेट्रोल पंप. एप्रिल-मेमध्ये या गावाचा आठवडा हवामानाच्या नकाशावर आखला जातो. अख्ख्या अमेरिकेच्या वादळांचा अंदाज देणारं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर नॉर्मनलाच आहे आणि तिथून पुढच्या आठ दिवसांपर्यंतचा अंदाज निघतो. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना लोक एकमेकांना सांगतात, "गुरुवार काही बरा दिसत नाही." मग शाळेचा गुरुवारचा बेसबॉलचा सामना बुधवारी होतो. मंगळवारपर्यंत नकाशावरचा डाग थोडा सरकतो, कधी कधी सरळ टेक्ससमध्ये निघून जातो. नाही गेला तर धोका वाढेल तसे रंग चढायला लागतात: गडद हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल आणि शेवटचा किरमिजी. टॉर्नेडोची, म्हणजे मामाच्या त्या गाड्या उडवणाऱ्या वादळाची, शक्यता दहा टक्के झाली की आम्ही नारिंगीत.

"दहाच टक्के?" मामा हसला. "आपल्याकडे रेड अलर्ट आला तरी कोणी ८:१२ची फास्ट सोडत नाही."

ही गंमत मलाही पहिल्या वर्षी कळली नव्हती. ते दहा टक्के तुमच्या घराचे नसतात. कुठल्याही एका ठिकाणापासून २५ मैलांच्या, म्हणजे साधारण ४० किलोमीटरच्या आत कुठेतरी टॉर्नेडो होण्याची ती शक्यता. मुलुंडभोवती एवढं वर्तुळ काढलं तर कुलाबा, वसई, कल्याण, पनवेल सगळं आत येतं. त्यात टॉर्नेडोचा पट्टा बहुतेक वेळा काहीशे मीटर रुंद. तो तुमच्याच गल्लीतून जाण्याची शक्यता फारच कमी. पण एरवीच्या दिवशी हाच आकडा जवळजवळ शून्य असतो, म्हणून दहा टक्क्यांना आमच्या गावात कोणी हसत नाही.

मामाला हे पटलं ते २६ जुलैमुळे. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरातल्या या दोन वेधशाळा. मामा तेव्हा कुर्ल्याहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आला होता, आणि चर्चगेटला राहणारा त्याचा मित्र फोनवर विचारत होता, "एवढा कुठे पडतोय?"

तिकडचं वादळ मात्र वेगळ्याच भट्टीत शिजतं. मेक्सिकोच्या आखातातून दमट, उष्ण हवा येते, पश्चिमेच्या पठारांवरून कोरडी, आणि खूप वर थंड हवेचा जोरदार वारा. दमट हवेच्या डोक्यावर गरम हवेचा एक थर बसतो, कुकरच्या झाकणासारखा. दिवसभर खाली उष्णता साठत राहते. दुपारी तीन-चारनंतर झाकण एखाद्या ठिकाणी उघडलं की तासाभरात ढग दहा-पंधरा किलोमीटर उंच जातो. उंचीप्रमाणे वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत असेल तर तो ढग स्वतःभोवती फिरायला लागतो. त्याला सुपरसेल म्हणतात. त्यातले थोडेच टॉर्नेडो सोडतात, गारा मात्र बरेचसे देतात.

आणि कित्येक गुरुवारी ते झाकण उघडतच नाही. गाड्या छपराखाली लावलेल्या, शाळा लवकर सुटलेली, आणि संध्याकाळी लख्ख ऊन. दुसऱ्या दिवशी हवामानखात्याला कोणी नावं ठेवत नाही. दहातले नऊ दिवस जवळपास टॉर्नेडो होणार नाही, हेच तर त्यांनी सांगितलेलं असतं. आपल्याकडे वेधशाळेवरचे विनोद पिढीजात चालत आलेत. मलाही ते आवडतात, पण आता हसताना जरा अडखळायला होतं.

होतं त्या दिवशी कसं होतं? आधी "वॉच" लागतो: अनेक जिल्हे, काही तास, तयारीत राहा. रडारवर ढग फिरताना दिसला किंवा कोणी डोळ्यांनी पाहिलं की "वॉर्निंग". तेव्हा मिनिटं मोजायची. मी पहिल्यांदा बघितला तो ढग दुपारी साडेपाचचा होता. खालून फुगे लोंबल्यासारखं आभाळ, हिरवट उजेड, मग गोल्फच्या चेंडूएवढ्या गारा पत्र्यावर. भोंगा वाजला तेव्हा शेजारच्या आजी हाक मारून सांगत होत्या, "बूट घाल आधी!" वादळ गेल्यावर काचा आणि खिळ्यांतून चालायचं असतं, म्हणून. आम्ही गॅरेजच्या जमिनीत पुरलेल्या पोलादी पेटीत सहाजण बसलो, पोरांच्या डोक्यावर सायकलची हेल्मेटं. टॉर्नेडो गावाच्या उत्तरेला शेतातून गेला.

नॉर्मनच्या शेजारचं मूर शहर एवढं नशीबवान नव्हतं. ३ मे १९९९ आणि २० मे २०१३, दोन्ही वेळा सर्वांत वरच्या श्रेणीचा टॉर्नेडो तिथून गेला. २०१३ मध्ये २४ माणसं गेली, त्यात शाळेतली मुलं होती. तरी लोक तिथेच पुन्हा घरं बांधतात. मामी म्हणाली, "वेडेच आहेत." मामा म्हणाला, "मिठी नदीच्या काठावर काय कमी लोक राहतात?"

मुंबईला हे अगदीच अनोळखी नाही. १३ मे २०२४ ला धुळीची जी भिंत शहरावर चालून आली ती याच घराण्यातली: ढगातून कोसळणारी गार हवा जमिनीवर आपटून पुढे पसरते आणि धूळ उचलते. घाटकोपरचं होर्डिंग त्याच वाऱ्यात पडलं, १७ जणांचा जीव गेला.

मे महिन्यात कोणी आमच्याकडे येणार असाल तर खुशाल या. परतीचं विमान शक्यतो सकाळचं घ्या, बहुतेक वादळं दुपारनंतरच उठतात. भाड्याची गाडी घेताना गारांनी पोचे आले तर पैसे कोण भरणार ते विचारून ठेवा. आणि शनिवारी दुपारी बारा वाजता भोंगा झाला तर जेवणावरून उठू नका. आमच्या भागात ती चाचणी असते.