मुलुंड ते गेटवे सायकलवरून: कडेला कधी राहायचं, कडा कधी सोडायची

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी मी आणि माझा सतरा वर्षांचा भाचा मुलुंड चेकनाक्यावरून गेटवेपर्यंत सायकलने गेलो. अंतर साधारण ३५ किलोमीटर. मी हा रस्ता बऱ्याचदा केलाय, त्याची पहिलीच वेळ. त्याला सोबत न्यायचं म्हटल्यावर रोजच्या सवयीच्या गोष्टी नव्याने समजावून सांगाव्या लागल्या, आणि त्या इतरांनाही उपयोगी पडतील असं वाटलं.

पहिली गोष्ट वेळेची. बरेच जण पहाटे पाचला निघतात, रस्ता रिकामा मिळतो म्हणून. आम्ही पावणेसातला निघालो. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, पण पावणेसातपासून बऱ्यापैकी उजाडलेलं असतं. रिकामा रस्ता सुरक्षित असतो या समजुतीवर माझा विश्वास राहिलेला नाही. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नेरूळजवळ पाम बीच रोडवर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांना एका कॅबने मागून धडक दिली आणि त्यात ते गेले. सोबत सायकलस्वारांचा गट होता, रस्ताही रुंद. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर गाड्या सुसाट असतात आणि काही चालक रात्रभर जागे असतात. म्हणून उजाडल्याशिवाय हायवेवर जायचं नाही, हा आमच्या घरातला नियम आहे. तरीही मागचा लाल दिवा आम्ही दिवसाउजेडी चालू ठेवतो.

पूर्व द्रुतगती महामार्गावर धोका पाठीमागून येतो. तिथे अगदी डावीकडे राहायचं, सरळ रेषेत चालवायचं, शेजारीशेजारी गप्पा मारत जायचं नाही. भाच्याला मी पुढे ठेवलं. मागून येणाऱ्या गाडीला आधी मी दिसावं आणि तो माझ्या नजरेसमोर राहावा, म्हणून. लहान किंवा नवख्या माणसाला घेऊन जाताना हाच क्रम ठेवा.

अवघड भाग म्हणजे उड्डाणपुलांची तोंडं. पूल सुरू होतो तिथे सरळ पुलावर जाणारा डावा पट्टा आणि खाली उतरणारा रस्ता वेगळे होतात. तुम्ही पुलावर जात असाल तर खाली जाणाऱ्या गाड्या तुमच्या पुढ्यातून डावीकडे कापत जातात. कांजूरला, जिथे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड मिळतो, तिथे हे फार जाणवतं. आम्ही पुलांखालून जातो. सिग्नल लागतात, दहा-पंधरा मिनिटं जास्त जातात, पण पुलाच्या चढावर हळू झालेल्या सायकलमागे ऐंशीच्या वेगाने येणारी गाडी नको. शिवाय पुलावरच्या जोडांच्या लोखंडी पट्ट्यांत अरुंद टायर अडकू शकतं.

छेडानगरला पुलांचा गुंता आहे, तिथे थांबून पाट्या वाचा. ईस्टर्न फ्रीवेच्या पाट्या दिसू लागल्या की तिकडे वळायचं नाही. चेंबूरकडून पी. डिमेलो रोडकडे जाणारा १६.८ किलोमीटरचा हा रस्ता नकाशात सगळ्यात सरळ दिसतो, पण तिथे दुचाकींना बंदी आहे आणि सायकललाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, अटल सेतू यांचंही तेच. जे.जे.चा उड्डाणपूलसुद्धा दुचाकींना बंद आहे; सायकल घेऊन तिथेही चढायचं नाही. फोनवरचा नकाशा गाडीचा रस्ता दाखवत असेल तर तो यापैकी कुठेही पाठवेल. निघण्यापूर्वीच रस्ता पाठ करून ठेवा: सायन, किंग्ज सर्कल, दादर टीटी, हिंदमाता, परळ, लालबाग, भायखळा, मोहम्मद अली रोड, क्रॉफर्ड मार्केट, सीएसएमटी.

सायनला पुलाखालून आंबेडकर रोडला लागलो की सगळं उलटं होतं. भाच्याला हे पटवून द्यायला मला सगळ्यात वेळ लागला. हायवेवर तासभर मी त्याला "कडेला राहा" म्हणत होतो, आणि इथे म्हणायला लागलो, "कडा सोड." शहरातल्या रस्त्यावर मागून येणाऱ्या गाडीचा वेग कमी असतो. इथला धोका बाजूने येतो: उभ्या टॅक्सीचं दार, गल्लीतून डोकावणारी मोटरसायकल, स्टॉपला घुसणारी बस, गटाराची जाळी.

परळला तेच झालं. रुग्णालयांमुळे त्या भागात रविवारीही टॅक्सी थांबतात, घाईतले नातेवाईक उतरतात. भाचा उभ्या गाड्यांना अगदी लागून चालला होता. एका टॅक्सीचं उजवीकडचं दार उघडलं. त्याने ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, आणि हँडल दाराच्या काठाला घासून थांबलं. लागलं नाही. उतरणाऱ्या बाईंच्या हातात फाइल होती, त्या आमच्याहून जास्त घाबरल्या. आम्ही फुटपाथवर सायकली लावून पाणी प्यायलो.

"मामा, मी तर कडेनेच चाललो होतो," तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं, त्याला आजवर सगळ्यांनी तेच शिकवलेलं होतं. मी त्याला उभ्या गाडीपासून हात लांब करून अंतर दाखवलं. पूर्ण उघडलेलं दार जिथपर्यंत येतं त्याच्याही बाहेरून आपलं हँडल जायला हवं. म्हणजे साधारण सव्वा मीटर. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. हॉर्न वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. मात्र उभ्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आत शिरून पुन्हा बाहेर येणं टाळा; त्या बाहेर येण्याच्या क्षणी तुम्ही कुणालाच अपेक्षित नसता.

सिग्नलला थांबलेल्या ट्रक किंवा बसच्या डाव्या बाजूने पुढे सरकू नका. ड्रायव्हरला तिथलं काही दिसत नाही, आणि तो डावीकडे वळला तर तुम्हाला जायला जागा उरत नाही. एक तर त्याच्या मागे थांबा, नाही तर इतकं पुढे जा की तो तुमचा चेहरा पाहील. आणि सिग्नल लाल असेल तर थांबाच, रस्ता मोकळा असला तरी. सायकलला लायसन्स लागत नाही, नोंदणी नाही, मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटसक्तीही मोटरसायकलवाल्यांसाठी आहे. पण सिग्नल, वन-वे आणि डाव्या बाजूने चालण्याचा नियम आपल्यालाही आहे. हेल्मेट आम्ही दोघांनी घातलं होतं, ते सक्तीसाठी नाही.

लालबागचा लांब पूल सोडून खालून गेलो. भायखळ्यानंतर जे.जे. पुलाखालच्या मोहम्मद अली रोडवर हातगाड्या आणि माणसं इतकी असतात की सायकल चालण्याच्या वेगाने न्यावी लागते. तिथे घाई करू नका, नऊनंतर तर गर्दी आणखी वाढते. सीएसएमटीपासून गेटवेपर्यंतचा रस्ता मात्र सकाळी फार सुंदर असतो. पोचायला पावणेदहा झाले.

अपघात झालाच तर काय करायचं, हे मी भाच्याला गेटवेच्या कठड्याजवळ बसून सांगितलं. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. गाडीचा नंबर लगेच कुणाच्या तरी फोनमध्ये टिपून घ्यायचा. बेदरकार गाडी चालवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली नोंदवता येतो, इजा झाली असेल तर कलम १२५ ही लागतं. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही तरी भरपाई आहे: १ एप्रिल २०२२ पासून गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये. आणि रस्त्यावर दुसरं कुणी पडलेलं दिसलं तर बिनधास्त मदत करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. पावसाळ्यात हा प्रवास करू नका. हिंदमाताला साचलेल्या पाण्याखाली जाळी आहे की खड्डा, हे कळत नाही. जाळीचे गज चाकाच्या दिशेने असतील तर ती नेहमी तिरकी ओलांडा. जानेवारीत मॅरेथॉनचा रविवार टाळा, दक्षिण मुंबईतले रस्ते बंद असतात. परतीला लोकलचा सामानाचा डबा वापरणार असाल तर सायकलचं तिकीट आधी खिडकीवर विचारून घ्या, आणि मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक असतो, तो बहुधा अकराच्या आसपास सुरू होतो. आम्ही दहा वीसची धीमी गाडी पकडली. डब्यात भाचा सायकल धरून उभा होता आणि भायखळ्याला उतरलेल्या एका डबेवाल्यांना, जे स्वतः रोज सायकल चालवतात, विचारत होता की ते दारापासून किती अंतर ठेवतात. त्यांनी हात लांब करून दाखवला. माझ्या मापापेक्षा वीतभर जास्तच होता.