शाळेच्या पुस्तकावर आमटी सांडली

गेल्या महिन्यात एका सोमवारी रात्री लेकीनं तिच्या इथल्या, मँचेस्टरच्या शाळेच्या लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकावर आमटीची वाटी उपडी केली. आईनं कोल्हापूरहून पाठवलेल्या कांदा-लसूण चटणीची आमटी, वर बोटभर लाल कट. पुस्तक घुबडाच्या चित्रांचं, गुळगुळीत कागदाचं. आधी फडक्यानं टिपलं, मग टाल्कम पावडर टाकली, मग पानापानात टिश्यू घालून वर पोळपाट ठेवला. सकाळी बघते तर घुबडाच्या पोटातून थेट शेवटच्या पानापर्यंत नारिंगी डाग उतरलेला.

मंगळवार तिच्या वर्गाचा लायब्ररीचा वार. ऑफिसात उशिरा येते म्हणून कळवलं, पर्समध्ये वीस पौंडांची नोट घातली आणि तिच्याबरोबर शाळेत गेले. पोरगी सात वर्षांची, ती निवांत उड्या मारत चालली होती. माझे हात गार पडले होते. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होते.

लायब्ररीच्या बाईंनी पुस्तक उघडलं, डाग पाहिला, नाकाशी नेऊन वास घेतला आणि विचारलं, "हे काय होतं? वास फार छान आहे." मी नोट पुढे केली. त्यांनी मान हलवली, बारकोड मारला, कॉम्प्युटरवर पुस्तक 'खराब, रद्द' करून टाकलं आणि माझ्या लेकीला विचारलं, "शेवट वाचून झाला होता का गं?" ती म्हणाली, नाही. बाई उठल्या, मागच्या फळीवरून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत काढून तिच्या हातात दिली. दोन मिनिटांचं काम झालं.

मी गाडीत येऊन बसले आणि रडले.

माझ्याबरोबर शाळेत होत्या त्यांना कारण सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कोल्हापुरातल्या आमच्या शाळेची लायब्ररी म्हणजे शिक्षकांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात उभी असलेली चार काचेची कपाटं. पितळी कुलपं, किल्ल्यांचा जुडगा बाईंच्या पदराला. मधल्या सुट्टीत आम्ही काचेला नाक लावून पुस्तकांच्या पाठी वाचायचो. महिन्यातून एकदा देवघेव. सातवीत मला शिकारकथांचं एक पुस्तक मिळालं आणि रंकाळ्याकडे जाणाऱ्या केएमटी बसच्या सीटवर मी ते विसरले. किंमत १८ रुपये, भरायची दुप्पट. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर माझं नाव वाचलं गेलं, आणि पैसे येईपर्यंत आमच्या अख्ख्या वर्गाची देवघेव बंद झाली. आण्णा, माझे वडील, उद्यमनगरात लेथवर कामाला होते. ३६ रुपयांसाठी त्यांना पगाराची वाट बघावी लागली. ते अकरा दिवस माझ्याशी बाकावरची मैत्रीणसुद्धा बोलत नव्हती.

पैसे भरले त्याच संध्याकाळी आण्णांनी मला सायकलवर पुढे बसवलं आणि भवानी मंडपाच्या अंगानं करवीर नगर वाचन मंदिरात नेलं. "पुस्तक हरवलं म्हणून वाचायचं सोडत्यात व्हय?" एवढंच म्हणाले. पुढची कित्येक वर्षं त्यांच्या नावाच्या कार्डावर मीच वाचत होते.

हे वाचन मंदिर १८५० सालचं. मँचेस्टरला येईपर्यंत मला त्या सालाचं काही वाटत नव्हतं. इथं लोक ग्रंथालयांचा विषय निघाला की फार अभिमानानं सांगतात की ब्रिटनचा पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १८५० साली झाला. मी तो कायदा वाचून काढला. करातून इमारत उभारता येई, पण त्या पैशातून पुस्तकं घ्यायची मुभा नव्हती! ती देणगीतून मिळवायची. पुस्तकांवर खर्च करायला परवानगी मिळाली १८५५ साली. म्हणजे विलायतेत रिकाम्या फळ्यांचा कायदा होत होता त्याच साली आमच्या गावात वाचनालय सुरू झालेलं. आणि १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं स्वतःचा ग्रंथालय कायदा केला, स्वतंत्र भारतातला पहिला म्हणतात त्या मद्रासच्या १९४८ च्या कायद्याच्याही आधी. मराठी मुलखाला सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाची वाट १९१७ साली शाहू महाराजांनी दाखवली, तर असल्या गोष्टीत आपण मागं कसे असू? ऑफिसातल्या एका बाईंना मी हे जेवणाच्या सुट्टीत पूर्ण अर्धा तास ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

शाळेच्या सुट्टीत लेकीला घेऊन चीटम ग्रंथालय बघायला गेले. हम्फ्री चीटम नावाच्या कापड व्यापाऱ्यानं मृत्युपत्रात गरीब घरच्या चाळीस मुलांसाठी शाळा आणि सोबत सर्वांना खुलं असं ग्रंथालय सांगून ठेवलं होतं, ते १६५३ सालचं. शाळा अजून चालते, आता संगीताची आहे. तिथं खिडकीतलं एक टेबल दाखवतात. १८४५ च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगल्स तिथं बसून वाचत. लेकीला त्यात रस नव्हता. तिला आवडल्या साखळ्या. सुरुवातीला तिथली पुस्तकं फळीला साखळीनं बांधलेली असत, पुढं साखळ्या गेल्या आणि कपाटांच्या खणांना लाकडी फाटकं आली, कुलूप लावायची. त्या फाटकाच्या गजांना धरून मी आत बघत उभी राहिले. नाक काचेला लावायचीच तेवढी राहिली होती. आणि याच ग्रंथालयात ग्रंथपालाला पहिल्या दिवसापासून नियम घालून दिलेला की येणाऱ्या कुणाकडूनही काही मागायचं नाही. पैसे नाहीत, ओळख नाही, काही नाही.

लेकीच्या शाळेची लायब्ररी काही राजवाडा नाही. दोन वर्ग जोडून केलेली खोली, छताला एका कोपऱ्यात ओल. पण फळ्या मुलांच्या कमरेएवढ्या उंचीच्या, कुठलंच दार नाही. दोन पुस्तकं, दोन आठवडे. बारकोड मुलं स्वतः मारतात, आणि जेवणाच्या सुट्टीत सहावीची चार पोरं गळ्यात बिल्ले अडकवून परत आलेली पुस्तकं जागेवर लावतात. नियम भिंतीवर मुलांच्याच अक्षरात लिहिलेत: हात कोरडे करून या, पान दुमडू नका, आवडलं नाही तर अर्धं सोडून परत द्या. शेवटचा नियम मी तीनदा वाचला.

आता कुणी म्हणेल, गेली परदेशात आणि लागली शाळेला नावं ठेवायला. तसं नाही. इंग्लंडात तुरुंगात ग्रंथालय असलंच पाहिजे असा नियम आहे, शाळेत असलंच पाहिजे असा नाही. माझ्या मैत्रिणीचा मुलगा दोन मैलांवरच्या शाळेत जातो, तिथं लायब्ररीच नाही, जिन्याखाली दोन खोकी आहेत. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मात्र प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, वर्तमानपत्रं हवीत, गोष्टीची पुस्तकं हवीत, असं स्वच्छ लिहिलंय. कागदावर आपण पुढं आहोत. कपाटाची किल्ली मात्र कागदावर नसते.

त्या किल्लीचं कारण मला फार उशिरा कळलं. चार वर्षांपूर्वी सुट्टीवर आले होते तेव्हा रंकाळ्यावर आमच्या लायब्ररीच्या बाई भेटल्या. थकलेल्या, हातात काठी. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, "शिकारीचं पुस्तक." त्यांना आठवत होतं! मग कट्ट्यावर बसून सांगितलं. त्या अर्धवेळ ग्रंथपाल, पगार अर्धा. मी पुस्तक हरवायच्या आदल्या वर्षी साठा तपासणीत अकरा पुस्तकं कमी भरली आणि ती रक्कम त्यांच्या पगारातून कापली गेली. "तुझ्यावर राग नव्हता गं. पण प्रत्येक पोर पुस्तक घेऊन निघालं की मला माझ्या घरातलं पीठ निघाल्यासारखं वाटायचं." मी इतकी वर्षं त्यांचा राग केला होता. त्यांच्याजागी मी असते तर कपाट महिन्यातून एकदासुद्धा उघडलं नसतं.

आई फोनवर दर रविवारी विचारते, परत कधी येणार. या वेळी मी तिला आमटीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, बघ, पोरीला असं मिळतंय म्हणून राहिलोय. आई म्हणाली, "आणि मराठी? ते कुठल्या कपाटात ठेवलंईस?" मला उत्तर देता आलं नाही. खरं तर मी चिडले, फोन लवकर ठेवला. इथं राहायला आमच्याकडे आणखीही कारणं आहेत, घराचे हप्ते आहेत, नवऱ्याची नोकरी आहे, पण सगळ्यात चांगलं दिसणारं कारण मी पुढं केलं होतं हे आईनं ओळखलं.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या शाळेतल्या लायब्ररीच्या बाईंना विचारलं, मराठी पुस्तकं चालतील का? त्यांनी एक फळी रिकामी करून दिली. भावानं महाद्वार रोडवरून बारा गोष्टीची पुस्तकं घेऊन पाठवली. नोंद करताना नावं कशी घालायची ते बाईंना समजेना, म्हणून मीच संगणकापाशी बसून प्रत्येकाचं नाव देवनागरीत टाईप केलं आणि पाठीवर चिकटी लावली. शाळेत मराठी घरातली मुलं माझ्या माहितीत चारच आहेत.

पहिलं पुस्तक गेलं ते मुदत संपून तीन आठवडे झाले तरी परत आलेलं नाही. काल फळीवरची ती मोकळी जागा बघून कुणी नेलंय ते विचारायला मी बाईंच्या टेबलापर्यंत गेले. बाईंनी वर पाहिलं. मी पावसाबद्दल काहीतरी बोलले आणि लेकीला घेऊन घरी आले.