चंद्रीचा उजवा कँटर डाव्या मागच्या पायात सापडला

काल सकाळी मैदानाच्या एफ या खुणेच्या कोपऱ्यात माझ्या घोडीनं, चंद्रीनं, उजवा कँटर उचलला, म्हणजे उजवा पुढचा पाय पुढे टाकत जाणारी मंद दौड. वॉकमधून, म्हणजे साध्या चालीतून, मान वर न फेकता. मी लगेच लगाम सैल सोडून तिला एक फेरी चालू दिलं, पुन्हा मागितला, पुन्हा मिळाला. पाचात चार वेळा! श्रावणात दहातून एकदा मिळत होता, तोही ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) पळत पळत, धडपडून. काल तो पहिला टप्पा अंगाखाली असा उचलला गेला की खाली उतरल्यावर मी कितीतरी वेळ तिच्या मानेला टेकून उभी होते.

दोन वर्षं या एका लीडनं (कँटरमध्ये ज्या बाजूचे पाय पुढे पडतात, ती लीड) खाल्ली. दात तपासले, लगामाला अडणारा छोटा दात, वुल्फ टूथ, काढला. डॉक्टरांनी चारी पाय वाकवून, पळवून बघितले, लंगडेपणा कुठेच नाही. कानपूरच्या खोगिराचं एका बाजूचं भरण दबलं होतं, तेही उसवून नव्यानं भरून घेतलं. (कानपूरचं कातडं मला आवडतं, पण भरण दर वर्षी हात घालून चाचपावंच लागतं.) आणि उजवा कँटर येत नाही म्हणून काम सगळं उजवीकडेच. उजवी वर्तुळं, उजवा शोल्डर-इन (खांदे आत वळवून तिरकं चालणं), उजवीकडे लंज (लांब दोरीवर गोल फिरवणं). घोडी दिवसेंदिवस ताठ होत गेली. गाभण असताना थांबले, भैरू झाला, तो चार महिन्यांचा झाल्यावर हळूहळू पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा तीच भिंत.

गाठ सुटली ती घोड्यांची देखभाल करणाऱ्या आमच्या सईस काकांच्या एका वाक्यानं. दसऱ्याच्या सुमारास भैरूला आईपासून तोडलं, त्या आठवड्यात ते कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "बाई, हे शिंगरू बघा की, आईगत डावाच पाय पुढं टाकून चरतंय."

मी दोन दिवस नुसती बघत बसले. खरंच. शिंगराचे पाय लांब, मान आखूड. तोंड जमिनीला लावायचं तर पुढचे पाय फाकवावेच लागतात, आणि बरीच शिंगरं प्रत्येक वेळी तोच पाय पुढे टाकतात. पुढे जाणारं खूर हळूहळू पसरट होतं, मागे राहणारं उभट. चंद्रीचं पुढचं डावं खूर पसरट आणि उजवं उभट आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण ती नालबंदाची बाब समजून मी कधी तिच्या कँटरशी जोडलीच नव्हती.

मग कागदावर पावलं मांडली. उजव्या कँटरचं पहिलं पाऊल मागचा डावा. मग मागचा उजवा आणि पुढचा डावा एकत्र, शेवटी पुढचा उजवा, मग चारी पाय हवेत. म्हणजे उजव्या लीडची सगळी भिस्त मागच्या डाव्यावर, आणि मी दोन वर्षं मागच्या उजव्याला तालीम देत होते! ती तोल जिथे सोपा तिथे धरायची, उजव्या मागच्यावर, आणि त्या पायानं सुरुवात झाली की डावाच कँटर येणार. खुरांचा आणि याचा थेट संबंध हा माझा अंदाज आहे, पण पावलांचा हिशोब अंदाज नाही.

त्या दिवसापासून सगळं डावीकडे. आमचं मैदान २० बाय ४० मीटरचंच आहे, कडेनं एफ, बी, एम, सी अशा अक्षरांच्या खुणा. डाव्या हातावर, म्हणजे डावीकडे वळत जाताना, एफ ते एम डावा शोल्डर-इन, वॉकमध्येच, कारण त्यात आतला मागचा डावा पाय अंगाखाली येऊन वजन पेलतो. सी, एच, मग ईवरून मैदान ओलांडायचं, बीला उजवीकडे वळायचं, एफच्या कोपऱ्यात एक हाफ-हॉल्ट (क्षणभर रोखून तोल सावरणं) आणि मागणी. दिवसाला फार तर सहा मागण्या, सातवी नाही. पहिले तीन आठवडे काहीच नाही. चौथ्यात एकदा. काल चार.

पावसाळ्यात हे जमलंच नसतं. खानापूर रोडच्या या तांबड्या मातीत जूनपासून खूर रुतूनच राहतात. वरचा थर म्हणून आधी नदीची वाळू टाकली होती, पण तिचे कण गोल, खुराखाली सरकतात, आणि ज्या घोड्याला मागचा पाय रोवायला शिकवायचंय त्याला सरकती जमीन नकोच. आता चाळलेली एम-सँड (दगड फोडून केलेली वाळू) मिसळली आहे. पकड चांगली आहे, फक्त रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर धुळीनं घोडी खोकते.

भैरूचं काय करायचं? ठरवलं होतं की कडबा कुट्टी छातीच्या उंचीच्या गव्हाणीत द्यायची आणि चराई कमी करायची. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. आमच्या खालच्या वाफ्यातून वरच्या बांधाचं गवत त्याच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर येतं. तो खाली उभा राहून बांधावरचं खाईल तर पाय फाकवायची गरजच कमी, आणि चरणंही सुटणार नाही. उद्यापासून तिथेच बांधते. खुरं मात्र दर चार आठवड्यांनी तासायची, हे पक्कं.

फाल्गुनात चंद्रीला गाभण करायला पुन्हा भैरूच्या बापाकडे, त्याच निवृत्त थरोब्रेडकडे (शर्यतीच्या जातीचा घोडा), न्यायचं होतं. ते मी थांबवतेय. चंद्रीच्या मारवाडी आईकडून आलेले लांब पाय आणि आखूड मान भैरूत एकत्र आली, हे मी नर निवडताना बघितलंच नाही. फक्त ट्रॉटवर भाळले. ट्रॉट तालमीनं बराच घडतो, वॉक आणि कँटर मात्र घोडा बहुतांशी जन्मतःच घेऊन येतो. २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई खेळांत आपल्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) संघानं सुवर्ण जिंकलं तेव्हा मी रडले होते, पण ते घोडे युरोपात वाढलेले. इथल्या रक्तातून, इथल्या चाऱ्यावर एखादा चांगला घोडा उभा करायचा तर पुढचा नर मान मोजून घ्यावा लागेल. लांब मानेचा, सैल वॉकचा नर कुणाच्या पाहण्यात असेल, बेळगाव-कोल्हापूर-सांगली पट्ट्यात, तर जरूर कळवा.

गुरुवारी नालबंद मामा मिरजेहून येतायत. चंद्रीच्या दोन्ही पुढच्या खुरांचे कोन मोजून ठेवते, आणि भैरूचेही.